विटांचा डोंगर आणि आत्यांचा फोटो

आमच्या घरात भिंतीवर तीन तसबिरी आहेत. मधोमध तथागत बुद्ध, उजव्या हाताला बाबासाहेब आणि डाव्या हाताला माता रमाई. शेजारी एक चौथा खिळा आहे, तो मोकळाच. सासऱ्यांच्या फोटोसाठी ठोकला होता. सासरे १९८९ साली गेले. उभा जन्म मुंबईत इमारतींच्या कामावर बिगारी केली, पण त्यांचा एकसुद्धा फोटो कुणाकडे नाही. धाकट्याने एकदा विचारले, "आजोबा दिसायला कसे होते?" तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या बापाकडं बघ आन् थोडा काळा कर."

सासूबाईंना आम्ही सारे आत्या म्हणतो. त्याही त्याच कामावर होत्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर विटा, अशी तीस वर्षे. आज त्यांचे वय पंचाहत्तरच्या आसपास आहे. नक्की तारीख त्यांनाही ठाऊक नाही.

तर वाचकहो, २०२४ च्या जानेवारीत आम्ही पाच जण श्रीलंकेला जाऊन आलो. आमचे हे वर्कशॉपमध्ये फिटर, मी शिवणकाम करते. तीन वर्षांचा बोनस आणि माझी भिशी एकत्र केली तेव्हा कुठे बेत जमला. परदेश म्हणजे आपल्यासारख्यांना दूरची गोष्ट वाटते. पण चेन्नईपर्यंत रेल्वेने गेलो आणि तिथून विमानात बसलो तर दीड तासाच्या आत कोलंबो. बाबासाहेबही मे १९५० मध्ये बौद्ध परिषदेच्या निमित्ताने या देशात गेले होते, हे लहानपणापासून ऐकले होते. तेव्हापासून मनात होते.

पासपोर्टसाठी आत्यांचा फोटो काढला. स्टुडिओतून ती छोटी चौकोनी कागदे हातात आली तेव्हा त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "एकटीचा असा पयलाच." तेव्हाच मी ठरवले की या सहलीत आत्यांचा एक चांगला, मोठा फोटो काढायचा. त्या मात्र कॅमेरा दिसला की तोंड फिरवायच्या. "इमारतीचा काढ. माझा काय काढतीस?" हे त्यांचे ठरलेले उत्तर.

ओळंब्यात नाही!

यांच्याकडे मित्राकडून घेतलेला जुना कॅमेरा होता आणि थोरलीकडे मोबाईल. कोलंबोहून बसने पोलोन्नरुवाला गेलो. ही श्रीलंकेची मध्ययुगीन राजधानी. राजा पराक्रमबाहू पहिला (११५३ ते ११८६) याच्या काळात तिथे मोठी बांधकामे झाली. युनेस्कोने १९८२ साली हे नगर जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

तिथे लंकातिलक नावाचे विटांचे बुद्धगृह आहे. छप्पर केव्हाच गेले. दोन्ही बाजूंना सुमारे १७ मीटर उंचीच्या जाडजूड भिंती आणि त्यांच्या बोळातून थेट समोर दिसणारी उभी बुद्धमूर्ती. मूर्तीचे मस्तक आता राहिलेले नाही, तरी समोर उभे राहिले की आपोआप हात जोडले जातात.

यांनी पायऱ्यांजवळ उभे राहून, मान मागे टाकून, कॅमेरा वर करून चार-पाच फोटो काढले. मग झाडाखाली बसून आत्यांना दाखवले. आत्यांनी कॅमेरा लांब धरला, जवळ आणला आणि म्हणाल्या, "बिल्डिंग पडतीय का काय? ओळंब्यात नाही ही."

आम्ही सगळे हसलो, पण त्यांचे खरे होते. फोटोतल्या दोन्ही भिंती वरच्या टोकाला एकमेकींकडे झुकलेल्या होत्या. प्रत्यक्षात भिंती सरळ आहेत. मग दोष कुठला? थोरलीने विज्ञान घेतले आहे, तिने समजावून सांगितले. कॅमेरा वर वळवला की इमारतीचा वरचा भाग खालच्या भागापेक्षा कॅमेऱ्यापासून जास्त लांब पडतो. लांबचे लहान दिसते. म्हणून भिंती वर जाता जाता जवळ येतात. रेल्वेचे रूळ दूरवर एकत्र आल्यासारखे दिसतात, तसेच हे.

उपाय सोपा निघाला. कॅमेरा वर न वळवता भिंतीसारखा उभा, ताठ धरायचा. मग वरचे टोक चौकटीत येत नाही, म्हणून मागे मागे जायचे. हे पन्नास-साठ पावले मागे गेले आणि पुन्हा फोटो काढला. आत्यांनी तो पाहिला आणि गवंड्याचे काम पास करावे तशी मान हलवली. "आता हाय सरळ."

त्या दिवसापासून आमच्या घरात प्रत्येक फोटो आधी आत्यांच्या नजरेखालून जाऊ लागला.

पाठ दाखवू नये

पोलोन्नरुवात गल विहार म्हणून जागा आहे. एकाच लांबलचक खडकात चार बुद्धमूर्ती कोरल्या आहेत. एक मोठी ध्यानस्थ, दुसरी लहान गुहेतली, तिसरी सुमारे ७ मीटर उंचीची उभी आणि चौथी सुमारे १४ मीटर लांबीची महापरिनिर्वाण मुद्रेतली. वर आता संरक्षणासाठी छप्पर घातले आहे. त्यामुळे तिथे ऊन थेट पडत नाही, मऊ उजेड असतो. खडकाच्या नैसर्गिक रेघा मूर्तीच्या चेहऱ्यावरून, चिवराच्या चुण्यांवरून लाटांसारख्या गेलेल्या आहेत. उशीसुद्धा डोक्याच्या भाराने जराशी दबलेली कोरली आहे. शिल्पकाराने दगडाला कापसाचा गुण दिला आहे.

इथेच माझी चूक झाली. मी मुलांना उभ्या मूर्तीसमोर ओळीने उभे केले. तोंड माझ्याकडे, पाठ मूर्तीकडे. आपल्याकडे कुठेही गेलो तरी आपण असाच फोटो काढतो. मी बटण दाबणार तोच एक रखवालदार घाईने पुढे आला. ओरडला नाही. तळहात हलवून त्याने खूण केली की वळा. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितले की बुद्धांकडे पाठ करून फोटो काढायचा नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आपण बौद्ध म्हणवतो, पहाटे उठून वंदना घेतो आणि परक्या देशात आपल्यालाच हे सांगावे लागले. धाकटा कुरकुरला, "मूर्तीकडे तोंड केले तर आपले तोंड फोटोत कसे येणार?" आत्या म्हणाल्या, "तुझं तोंड घरी रोज दिसतं."

नंतर कळले की तिथे हा विषय फार गंभीरपणे घेतला जातो. ऑगस्ट २०१२ मध्ये तीन फ्रेंच पर्यटकांनी बुद्धमूर्तीचे चुंबन घेत असल्याचे फोटो काढले, त्यावरून गॉलच्या न्यायालयाने त्यांना सहा महिन्यांची शिक्षा सुनावून ती स्थगित ठेवली. २०१४ साली दंडावर बुद्धांचे चित्र गोंदवलेल्या एका ब्रिटिश महिलेला विमानतळावर अडवून परत पाठवले. आपल्या कित्येक तरुणांनी प्रेमाने असे गोंदवून घेतले आहे. त्यांनी तिथे जाताना ते झाकून ठेवावे.

मग आम्ही समोरच्या उतरत्या खडकावर जाऊन बसलो. तिथून सगळ्या मूर्ती एका नजरेत येतात. हे बाजूला सरकले आणि त्यांनी आम्हा चौघांचा कडेने फोटो काढला. आम्ही मूर्तींकडे बघतो आहोत, आमच्या चेहऱ्यांच्या फक्त कडा दिसतात आणि पलीकडे तथागत विसावले आहेत. सगळ्या सहलीतला हा माझा सर्वांत आवडता फोटो. पाहुणे तो पाहतात तेव्हा आधी मूर्ती पाहतात, आम्हाला मागाहून शोधतात.

पौर्णिमेचे अनुराधपूर

२५ जानेवारीला पौर्णिमा होती. श्रीलंकेत पौर्णिमेला पोया म्हणतात आणि दर पौर्णिमेला देशभर सुट्टी असते. त्या दिवशी आम्ही अनुराधपूरला होतो. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात बुद्धगयेच्या बोधिवृक्षाची फांदी इथे आणली. तो वृक्ष, जय श्री महाबोधी, आजही उभा आहे. माणसाने लावलेल्या आणि लावल्याचा काळ माहीत असलेल्या झाडांत तो जगातला सर्वांत जुना मानला जातो.

रस्त्यावर जिकडे पाहावे तिकडे पांढरे कपडे. म्हातारी माणसे, शाळकरी मुले, तान्ही बाळे घेतलेल्या आया, सगळे पांढऱ्यात. आत्यांनी आपली वर्षावासाची पांढरी साडी मुद्दाम आणली होती. त्या गर्दीत शिरल्या आणि दिसेनाशाच झाल्या. माझा जीव घाबरा झाला. इतक्या पांढऱ्या साड्यांत आपली म्हातारी कोणती? शोधत गेले तर एका सिंहली बाईने त्यांना ओंजळभर फुले दिली होती आणि दोघी शेजारी बसून आपापल्या चालीत त्रिशरण म्हणत होत्या. भाषा एकमेकींची कळत नव्हती, पाली मात्र दोघींना पाठ होती.

नंतर आत्या मला म्हणाल्या, "कोणी इचारलं नाही, कुठली, कोणाची." एवढेच बोलल्या. गावच्या देवळाच्या पायरीखाली उभे राहिलेल्या बाईला या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

जवळच रुवनवेलीसाय हा महास्तूप आहे. राजा दुट्ठगामणी याने इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात तो बांधायला घेतला. मोडकळीला आल्यावर विसाव्या शतकात त्याचा जीर्णोद्धार झाला. उंची सुमारे १०३ मीटर. सभोवती हत्तींची रांग कोरलेली भिंत आहे, जणू हत्तींनीच स्तूप पाठीवर तोलला आहे.

आपल्या नागपूरच्या दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ आहे. आपण आत जातो, बसतो. तिथले स्तूप भरीव असतात. आत जायचे नसते, भोवती फिरायचे असते. खाली तीन वर्तुळाकार पायऱ्या, त्यावर अंड, त्यावर चौकोनी कठडा आणि त्यावर निमुळता होत गेलेला शंकूसारखा कळस. कार्ल्याच्या आणि कान्हेरीच्या चैत्यगृहातला स्तूप आठवून पाहा, नाते लगेच ओळखू येते. तिथल्या परंपरेत अंडाचे सहा आकार सांगितले आहेत: घंटा, घट, पाण्याचा बुडबुडा, धान्याची रास, कमळ आणि आवळा. खळ्यावर धान्याची रास पाहिलेल्या माणसाला हे लगेच पटते.

अशा पांढऱ्याशुभ्र स्तूपाचा फोटो काढणे सोपे वाटते, पण ते अवघड आहे. भर दुपारी काढलेले आमचे सगळे फोटो फसले. डोक्यावर ऊन असले की सावलीच पडत नाही आणि एवढा गोल डोंगर पुठ्ठ्याच्या कापासारखा चपटा दिसतो. सकाळी किंवा चार वाजल्यानंतर ऊन तिरपे पडते. एक बाजू उजळ, दुसरी सावलीत, तेव्हा कुठे गोलाई दिसते. दुसरी गंमत अशी की समोर सगळे पांढरेच असले की कॅमेरा फसतो आणि पांढऱ्याचा मळकट करडा रंग करून टाकतो. तेव्हा उजेड थोडा वाढवून घ्यावा. मोबाईलमध्ये बोट टेकवून वर सरकवले की हे होते. पण फार वाढवला की चुन्यावरचे बारकावे पुसले जातात. संध्याकाळी बसवक्कुलम तलावाच्या पश्चिम काठावर गेलो. मागून मावळतीचे ऊन आणि समोर पाण्यापलीकडे स्तूप. तिथे काही करावे लागले नाही, नुसते बटण दाबले.

तिथल्या महामेव्ना उद्यानात ध्यानस्थ बुद्धांची प्रसिद्ध समाधी मूर्ती आहे. पंडित नेहरूंनी आत्मचरित्रात लिहिले आहे की अनुराधपूरची बुद्धमूर्ती त्यांना फार आवडली होती आणि पुढे डेहराडूनच्या तुरुंगात असताना एका मित्राने तिचा फोटो पाठवला, तो त्यांनी कोठडीतल्या टेबलावर ठेवला होता. कोठडीतल्या माणसाला एवढासा कागदही सोबत करतो.

नऊ कोटी विटा

शेवटच्या दिवशी जेतवनाराम पाहिला. राजा महासेन याने इ. स. च्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीस तो बांधायला घेतला. मूळ उंची १२२ मीटर होती असे सांगतात. त्या काळी गिझाचे दोन मोठे पिरॅमिड सोडले तर जगात त्याहून उंच वास्तू नव्हती. आज तो सुमारे ७१ मीटर उरला आहे. याला चुन्याचा गिलावा नाही. सगळी वीट उघडी. एकूण विटा सुमारे ९ कोटी ३३ लाख असाव्यात असा अंदाज आहे.

आत्यांनी चपला काढल्या आणि सरळ भिंतीशी जाऊन विटेवर हात ठेवला. बोटांनी तिची लांबी मोजली, सांध्यात नख घालून पाहिले. मग विचारले, "किती म्हणलीस?" थोरलीने आकडा पुन्हा सांगितला. "आमी एका खेपेला धा इटा न्यायचो," आत्या म्हणाल्या. थोरलीने मोबाईलवर हिशेब केला. एकट्या बाईने रोज दोनशे खेपा केल्या, एकही सुट्टी घेतली नाही, तरी सव्वाशे वर्षांहून जास्त लागतील.

आत्या बराच वेळ वर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "राजाचं नाव लिवलंय. इटा वाहणारीनला रोज तरी मिळत हुता का?"

मला महावंसातली गोष्ट आठवली. श्रीलंकेचा हा जुना पाली इतिहासग्रंथ. त्यात दुट्ठगामणी राजाच्या महास्तूपाबद्दल सांगितले आहे की तिथे मोबदल्याशिवाय कुणाकडूनही काम करून घ्यायचे नाही, अशी राजाची आज्ञा होती. एका भिक्खूने आपलाही वाटा असावा म्हणून गुपचूप स्वतःची वीट गवंड्याला दिली. राजाला कळले तेव्हा त्याने युक्तीने त्या विटेचाही मोबदला त्याच्याकडे पोहोचवला. गोष्ट दुसऱ्या स्तूपाची आहे, जेतवनाच्या मजुरांचे काय झाले ते तिथे लिहिलेले नाही. हे मी आत्यांना जसेच्या तसे सांगितले.

"त्या राजाचं बरं हुतं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने आपणहूनच बोलू लागल्या. वरळीला, अंधेरीला, मुलुंडला त्यांनी विटा वाहिल्या होत्या. स्लॅब पडला, रंग झाला की मुकादम हिशेब करायचा आणि पालं उठायची. "एकदा तुझे सासरे म्हणले, चल बघून येऊ, कशी दिसती. गेलो. वॉचमननं गेटातच उभं राहू दिलं नाही. आमीच बांधलेली."

हे ऐकून आमचे हे स्तूपाकडे तोंड करून उभे राहिले. आईसमोर रडता येत नव्हते.

मग आत्या म्हणाल्या, "काढ माझा फोटो. इथं काढ."

आम्ही घाई केली नाही. चार वाजून गेले होते, ऊन तिरपे होऊन विटा तांबूस झाल्या होत्या. जवळून काढला असता तर आत्या दिसल्या असत्या, पण मागे नुसती भिंत आली असती. फार लांबून काढला असता तर स्तूप आला असता आणि आत्या मुंगीएवढ्या झाल्या असत्या. यांनी मधला मार्ग काढला. दोन फोटो घेतले. एकात आत्या पायथ्याशी उभ्या आहेत, पांढरा ठिपका आणि वर विटांचा डोंगर. स्तूप केवढा आहे ते त्या ठिपक्यामुळेच कळते. दुसऱ्यात कमरेपासून वर आत्या, हात विटेवर आणि नजर थेट कॅमेऱ्यात. रखवालदार जवळच होता. आम्ही विचारले, चालेल का? इथे मूर्ती नव्हती. तो हसून म्हणाला की खुशाल काढा.

कॅमेरा ताठ धरला होता. फोटो ओळंब्यात आला.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

जाण्यापूर्वी व्हिसाचे चालू नियम पाहून घ्यावेत, ते बदलत असतात. स्मारकांच्या तिकिटात सार्क देशांच्या नागरिकांना सवलत असते, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवावा आणि खिडकीवर विचारावे. खांदे आणि गुडघे झाकणारे, शक्यतो पांढरे कपडे न्यावेत. चपला-टोप्या बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी दगड असा तापतो की पाय ठरत नाही, म्हणून जुने पायमोजे बरोबर घ्यावेत. मूर्ती आणि भित्तिचित्रांजवळ फ्लॅश मारू नये. सिगिरियाच्या भित्तिचित्रांचे फोटो काढायला मनाई आहे, तिथे डोळेच उघडे ठेवावेत.

पायऱ्यांच्या तळाशी अर्धगोल कोरीव शिळा दिसेल. तिला तिथे संदकड पहन म्हणजे चंद्रशिला म्हणतात. अनुराधपूरच्या शिळेवर हत्ती, घोडा, सिंह, बैल, हंस आणि मधोमध कमळ असते. तिच्यावर सकाळचे आडवे ऊन पडले असतानाच फोटो घ्यावा, नाहीतर कोरीव काम दिसत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे. फोटो मोबाईलमध्ये ठेवून विसरू नका. मोबाईल पडतो, हरवतो, बिघडतो. चार तरी फोटो कागदावर छापून घ्या आणि मागे पेनने नाव, गाव, तारीख लिहा. परदेशी जायलाच पाहिजे असे नाही. कार्ल्याला जा, कान्हेरीला जा, नाहीतर आपल्या विहाराच्या दारात उभे राहा. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा फोटो त्यांचे हात-पाय चालत आहेत तोवर काढा.

आत्यांचा दुसरा फोटो आम्ही मोठा करून आणला. चौथ्या खिळ्यावर लावू म्हटले तर त्यांनी लावू दिला नाही. "तो त्यांचा हाय," म्हणाल्या. यांनी शेजारी पाचवा खिळा ठोकला. पाहुणे आले की आत्या त्यांना उठवून फोटोजवळ नेतात, काचेवर बोट ठेवून विटा दाखवतात आणि सांगतात, "नऊ कोट हायती."

जय भीम!